मूत्राशयातल्या दुर्मीळ सौम्य गाठींचं निदान: कोणत्या क्रमाने तपासायचं आणि कुठे चुकतं

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘मूत्राशयाच्या भिंतीला २.५ सेंमीची गाठ’ असं लिहून आलं की सगळ्यांच्या मनात आधी कर्करोग येतो, आणि ते योग्यच आहे. मूत्राशयाच्या कर्करोगांपैकी ९० टक्क्यांहून अधिक युरोथेलियल, म्हणजे आतल्या अस्तरातून उगवणारे असतात. पन्नाशी ओलांडलेला, विडी-सिगारेट ओढणारा माणूस न दुखता लघवीतून रक्त जात असल्याचं सांगतो, तेव्हा कर्करोग नाही हे सिद्ध होईपर्यंत तो आहे असंच धरून चालायचं. पुढे दिलेलं काहीही या नियमाला अपवाद म्हणून वापरू नये.

तरीही काही गाठी वेगळ्या निघतात: लायोमायोमा (स्नायूची सौम्य गाठ), पॅरागँग्लिओमा (रक्तदाब चढवणारी रसायनं सोडणारी गाठ), नेफ्रोजेनिक अ‍ॅडिनोमा, इनव्हर्टेड पॅपिलोमा (अस्तर आत वळून झालेली गाठ), एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाचं अस्तर दुसरीकडे रुजणं), मॅलॅकोप्लाकिया (जुनाट संसर्गातून होणाऱ्या चकत्या), हिमँजिओमा (रक्तवाहिन्यांची गाठ), अमायलॉइड (विकृत प्रथिनाचा साठा). त्यांच्यात नुकसान दोन्ही बाजूंनी होतं. सौम्य गाठीला कर्करोग समजून अख्खा मूत्राशय काढला जातो, किंवा वरवरच्या तुकड्यावर ‘सौम्य’ असा शिक्का बसतो आणि खालचा कर्करोग वाढत राहतो. यातल्या बऱ्याच चुकांचं मूळ मायक्रोस्कोपच्या आधीच असतं: प्रश्न विचारलेला नसतो, तपासण्यांचा क्रम उलटा होतो किंवा तुकडा पुरेसा खोल घेतलेला नसतो. म्हणून हे टिपण क्रमानेच वाचावं. ते फॅमिली डॉक्टर, युरॉलॉजीचे रेसिडेंट आणि पॅथॉलॉजी विभागातले सहकारी यांच्यासाठी आहे.

पहिलं काम: नेमके प्रश्न

‘लघवीला काही त्रास आहे का?’ या प्रश्नाला ‘जळजळ होते’ एवढंच उत्तर मिळतं. नेमकं विचारा. लघवी करताना किंवा केल्याकेल्या छातीत धडधडतं का? घाम फुटतो का? डोकं ठणकतं का? डोळ्यांपुढे अंधारी येते का? यातल्या एकाचंही उत्तर ‘हो’ आलं तर पॅरागँग्लिओमाचा संशय घ्यायचा. ही गाठ मूत्राशयाच्या भिंतीतल्या मज्जासंस्थेशी निगडित पेशींपासून होते आणि कॅटेकोलामाइन्स, म्हणजे रक्तदाब चढवणारी रसायनं, सोडते. मूत्राशय भरला, आकुंचन पावला की गाठीवर दाब येतो आणि ही रसायनं एकदम रक्तात उतरतात. रुग्ण हे आपणहून क्वचितच सांगतो. ‘वयोमानाने होत असेल’ म्हणून सोडून देतो, किंवा घाबरण्याच्या त्रासाची औषधं घेत असतो.

संशय आला तर तपासायला पैसे लागत नाहीत. लघवीला जाण्याआधी रक्तदाब आणि नाडी मोजा, लघवी होताच पुन्हा मोजा, पाच मिनिटांनी परत मोजा. एकदम चढून उतरणारा रक्तदाब दिसला तर केसपेपरवर लाल पेनाने लिहा. आकडे स्थिर राहिले म्हणून मात्र शंका सोडू नका, कारण प्रत्येक वेळी झटका येतोच असं नाही आणि काही गाठी गप्पच असतात.

स्त्रियांना पाळीबद्दल विचारा. पाळीच्या आसपास ओटीपोटात दुखणं, वारंवार लघवी किंवा जळजळ वाढते आणि नंतर ओसरते, त्यात आधी सिझेरियन किंवा गर्भाशयाची शस्त्रक्रिया झालेली आहे, अशी माहिती निघाली तर एंडोमेट्रिओसिस यादीत वर न्यायचा. लघवीत रक्त नसणं त्याच्या विरोधात जात नाही, कारण गाठ बाहेरून आत शिरते आणि आतलं अस्तर बहुधा शाबूत असतं.

पुढची चौकशी मूत्राशयाला आधी काय काय झालं त्याची. कॅथेटर, मुतखडा, दुर्बिणीची शस्त्रक्रिया, बीसीजी (कर्करोगावर उपचार म्हणून मूत्राशयात सोडतात ती लस), किडनी प्रत्यारोपण या सगळ्यांनंतर नेफ्रोजेनिक अ‍ॅडिनोमा होऊ शकतो. किडनीतून सुटलेल्या नलिकापेशी मूत्राशयाच्या जखमी अस्तरावर रुजतात, हे २००२ साली प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांवरून दिसलं. त्यांच्या गाठीतल्या पेशी दात्याच्या होत्या. मधुमेह, स्टिरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं आणि वारंवार ई. कोलायचा संसर्ग ही त्रयी मॅलॅकोप्लाकियाकडे बोट दाखवते. अंगावर कॉफी-रंगाचे डाग आणि मऊ गाठी असतील तर न्यूरोफायब्रोमा (मज्जातंतूच्या आवरणाची गाठ). एका पायावर लाल-जांभळा जन्मखूण-डाग आणि तोच पाय जाड असेल तर हिमँजिओमा.

महाराष्ट्रात आणखी दोन प्रश्न टाळू नयेत. पहिला क्षयाचा: जुना ताप, वजन घटणं, घरात कुणाला टीबी. दुसरा प्रवासाचा. आफ्रिकेतल्या नाईल नदीच्या, व्हिक्टोरिया किंवा मलावी सरोवराच्या परिसरात काम केलेल्या, तिथल्या पाण्यात उतरलेल्या माणसाच्या मूत्राशयात शिस्टोसोमा हिमॅटोबियम हा परजीवी जंत असू शकतो. आपल्याकडे हा रोग नसतोच, असं म्हणू नये. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात त्याचं केंद्र असल्याची नोंद १९५२ सालची आहे.

लघवीच्या तपासण्या

सूक्ष्मदर्शकाखाली एका हाय-पॉवर फील्डमध्ये ३ किंवा अधिक लाल पेशी म्हणजे रक्त जातंय. केवळ पट्टी-चाचणीवर अवलंबून राहू नका. कल्चर पाठवा, जंतू सापडले तर औषधाचा कोर्स संपल्यावर लघवी पुन्हा तपासा. रक्त जात राहिलं तर ‘इन्फेक्शन होतं’ एवढ्यावर समाधान मानू नका. पू-पेशी भरपूर आणि नेहमीचं कल्चर निर्जंतुक असेल तर सकाळची पहिली लघवी सलग ३ दिवस टीबीच्या कल्चरसाठी आणि सीबीनॅटसाठी (टीबीच्या जनुकाची झटपट चाचणी) पाठवा. शिस्टोसोमाची अंडी शोधायची असतील तर नमुना सकाळी १० ते दुपारी २ या वेळात घ्या आणि लघवीचा शेवटचा भाग नक्की धरा. अंडी त्या वेळी जास्त पडतात.

सायटॉलॉजीचा, म्हणजे लघवीतल्या पेशींच्या तपासणीचा, नियम नेमका उलटा आहे. सकाळची पहिली लघवी नको, कारण रात्रभर मूत्राशयात पडून पेशी कुजतात. दुसऱ्या वेळची, किमान ३० ते ५० मिली, ताजी लघवी लगेच प्रयोगशाळेत पोचवा. सायटॉलॉजी हाय-ग्रेड कर्करोग पकडण्यात चांगली. अस्तराखालच्या गाठीत ती स्वच्छ येणारच, म्हणून ‘सायटॉलॉजी निगेटिव्ह’ यावरून गाठ सौम्य आहे असं ठरवता येत नाही. उलट, मुतखडा आणि कॅथेटर यांमुळे सौम्य पेशीही विचित्र दिसतात. ही माहिती फॉर्मवर नसेल तर ‘संशयास्पद’ असा रिपोर्ट येतो.

मेटानेफ्रिन्स: दुर्बीण घालण्याआधी

या टप्प्यावर सर्वांत जास्त घाई होते आणि सर्वांत महागात तीच पडते. पॅरागँग्लिओमाला बायोप्सीचा चिमटा लागला, किंवा नुसता मूत्राशय ताणून भरला, तरी रक्तदाब टेबलावर भडकू शकतो. म्हणून लघवीशी जोडलेली लक्षणं, न आटोक्यात येणारा किंवा तरुणपणी आलेला रक्तदाब, किंवा स्कॅनवर शाबूत अस्तराखाली भरपूर रक्तपुरवठा असलेली गाठ, यांतलं एकही असेल तर प्लाझ्मा फ्री मेटानेफ्रिन्स किंवा २४ तासांच्या लघवीतली फ्रॅक्शनेटेड मेटानेफ्रिन्स (मेटानेफ्रिन्स म्हणजे कॅटेकोलामाइन्सपासून होणारे पदार्थ) आधी करा.

रक्त घेण्याआधी रुग्णाला २० ते ३० मिनिटं उताणं झोपवून ठेवा. बसवून घेतलेल्या नमुन्यात आकडे खोटे वाढतात. ट्रायसायक्लिक अँटिडिप्रेसंट आणि सर्दीच्या गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिन आकडे वाढवतात, काही पद्धतींत पॅरासिटामॉलही अडथळा आणतं. काय थांबवायचं आणि किती दिवस, हे प्रयोगशाळेला आधी विचारा. मर्यादेच्या तिपटीहून जास्त आकडा आला तर संशय जोरदार. किंचित वाढला असेल तर नीट झोपवून, औषधं टाळून पुन्हा करा.

पॉझिटिव्ह आलं तर बायोप्सी नको. आधी अल्फा ब्लॉकर, म्हणजे प्राझोसिन किंवा डॉक्साझोसिन, ७ ते १४ दिवस, सोबत पुरेसं मीठ आणि पाणी. नाडी वेगवान असेल तर बीटा ब्लॉकर अल्फा ब्लॉकर नीट लागू पडल्यावरच. एकटा बीटा ब्लॉकर आधी दिला तर रक्तवाहिन्या आकसलेल्याच राहतात आणि रक्तदाब आणखी चढतो. उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइड अशा रुग्णाला देऊ नका. त्यानेही झटका येतो. शरीरात आणखी कुठे गाठ आहे का, हे गॅलियम-६८ डोटाटेट पेट स्कॅनवर चांगलं कळतं.

आणि संशयच आला नव्हता, दुर्बीण आत आहे आणि गाठीला हात लागताच रक्तदाब २२०च्या वर गेला, तर? हात थांबवा. मूत्राशय रिकामा करा. भूलतज्ज्ञाला ‘पॅरागँग्लिओमा असू शकतो’ हे शब्द मोठ्याने सांगा, म्हणजे फेंटोलामाइन, नायट्रोप्रुसाइड किंवा निकार्डिपिन निघेल आणि बीटा ब्लॉकर आधी दिला जाणार नाही. ती गाठ त्या दिवशी काढायची नाही.

सोनोग्राफी आणि एमआरआय

मूत्राशयात सुमारे ३०० मिली लघवी असताना सोनोग्राफी करा. अर्धवट भरलेल्या मूत्राशयाची घडी गाठीसारखी दिसते. भरलेल्या मूत्राशयाची भिंत साधारण ३ मिमी असते. रुग्णाला कुशीवर वळवा: खडा आणि सुटी रक्ताची गुठळी जागा बदलते, गाठ बदलत नाही. गुठळी भिंतीला चिकटलेली असू शकते, म्हणून कलर डॉप्लर लावा. आत रक्तप्रवाह दिसला तर ती गुठळी नाही. पुरुषांत प्रोस्टेटचा मधला भाग आत डोकावतो आणि ‘ट्रायगोनवरची गाठ’ (ट्रायगोन म्हणजे मूत्राशयाच्या तळाचा त्रिकोणी भाग) म्हणून लिहिला जातो. सॅजिटल (पुढून मागे घेतलेल्या उभ्या) छेदात तो प्रोस्टेटला जोडलेला दिसतो.

रक्त जात असेल तर वरचा मार्ग बघायला सीटी युरोग्राफी हवीच. पण भिंतीतली गाठ कोणत्या थरात आहे हे एमआरआयवर कळतं, आणि तो बायोप्सीच्या आधी केला तरच. टीयूआरबीटीनंतर (दुर्बिणीतून गाठ कापून काढल्यावर) सूज आणि रक्तामुळे चित्र गढूळ होतं. तेव्हा किमान २ आठवडे थांबावं लागतं. टी-२चे (टी-१ आणि टी-२ ही एमआरआय चित्रांची नावं) छेद तीनही प्रतलांत, जाडी ३ ते ४ मिमी, सोबत डिफ्यूजन, फॅट-सप्रेस्ड टी-१ आणि काँट्रास्ट मागवा.

वाचताना टी-२वर लक्ष ठेवा. स्नायूइतकीच काळी, काठ गुळगुळीत, अस्तर वरून सलग गेलेलं, अशी गाठ म्हणजे लायोमायोमाची शक्यता मोठी. टी-२वर चमकणारी आणि काँट्रास्ट भराभर घेणारी गाठ पॅरागँग्लिओमा. पाण्यासारखी पांढरीशुभ्र, फुगीर असेल तर हिमँजिओमा. मागच्या भिंतीवर किंवा घुमटाकडे काळसर गाठ आणि फॅट-सप्रेस्ड टी-१वर त्यात चमकणारे ठिपके दिसले, तर ते ठिपके जुन्या रक्ताचे आणि निदान एंडोमेट्रिओसिसचं. लायोमायोमा आतून सडला तर मात्र तो विचित्र पांढरा-काळा दिसतो. तेव्हा चित्रावरून सार्कोमा (स्नायूसारख्या ऊतीचा कर्करोग) नाकारता येत नाही.

२०१८ साली आलेली व्ही-रॅड्स गुणपद्धत युरोथेलियल कर्करोग स्नायूत शिरलाय का हे सांगण्यासाठी आहे. भिंतीतच जन्मलेल्या गाठीला ती लावली तर ५ गुण सहज मिळतात आणि रिपोर्ट वाचणारा घाबरतो. रेडिओलॉजिस्टला ‘गाठ अस्तरातून आली की अस्तराखालून?’ हा प्रश्न फॉर्मवरच लिहून विचारा.

घुमटाच्या मध्यरेषेवरची गाठ हा वेगळा विषय. तिथे युरेकसचा, म्हणजे गर्भात मूत्राशयाला नाळेशी जोडणाऱ्या नळीचा, अवशेष असतो. साधी पाण्याची पिशवीही (सिस्ट) असते, पण प्रौढात घन भाग किंवा कॅल्शियमचे कण दिसले तर युरेकल कर्करोग समजूनच पुढे जायचं.

सिस्टोस्कोपीत काय नोंदवायचं

‘मास सीन, बायोप्सी टेकन’ या नोंदीचा पुढे कुणालाच उपयोग होत नाही. जागा, आकार, देठ आहे की पसरट बूड, रंग, आणि मुख्य म्हणजे वरचं अस्तर शाबूत आहे का, हे लिहा. गुळगुळीत अस्तराखालून उठलेला उंचवटा लायोमायोमा किंवा पॅरागँग्लिओमाचा. पॅरागँग्लिओमा अनेकदा पिवळसर. ट्रायगोन किंवा मूत्राशयाच्या मानेवर देठाची, गुळगुळीत, शेवाळासारखे तुरे नसलेली गाठ इनव्हर्टेड पॅपिलोमा असू शकते. निळसर-जांभळे फुगवटे असतील तर पाळीचा इतिहास पुन्हा विचारा, आणि हिमँजिओमाचा संशय असेल तर चिमटा लावू नका. खूप रक्त जातं. पिवळसर-तपकिरी, मऊ, पसरट चकत्या मॅलॅकोप्लाकियाच्या. छोटे तुरे किंवा मखमली लाल पट्टा कर्करोगाचा, सीआयएसचा (अस्तरापुरत्या पसरट कर्करोगाचा) किंवा नेफ्रोजेनिक अ‍ॅडिनोमाचा; डोळ्यांना यात फरक कळत नाही आणि कळल्याचा दावा कुणी करू नये.

भूल दिलेली असताना दोन्ही हातांनी ओटीपोट तपासा. गाठ हलते की भिंतीला जखडलेली आहे, ते लिहा.

तुकडा कसा घ्यायचा

अस्तराखालच्या गाठीवर कोल्ड कपचा (वीज न वापरणारा) चिमटा लावला तर वरचं निरोगी अस्तरच हाती येतं. रिपोर्ट येतो: ‘सौम्य युरोथेलियम, किंचित सूज’. तो रिपोर्ट गाठीचा नसतोच. अशा वेळी रिसेक्टोस्कोपने (विजेच्या तारेने कापणाऱ्या दुर्बिणीने) गाठीत शिरा आणि गाठीचा बूड वेगळा घ्या, त्यात डीट्रुसर, म्हणजे मूत्राशयाच्या भिंतीचा, स्नायू हवा. बुडाच्या तुकड्याची बाटली वेगळी. कोल्ड कपचे दोन-तीन न जळालेले तुकडेही द्या. कॉटरीने (विजेच्या डागणीने) जळालेल्या काठावर पेशी लांबुळक्या होतात आणि सौम्य गाठही घातक भासते. बाजूच्या भिंतीवर काम असेल तर मांडीकडे जाणाऱ्या ऑब्च्युरेटर नर्व्हचा झटका येऊ शकतो. भूलतज्ज्ञाला आधी सांगा, नाहीतर मूत्राशयाला भोक पडतं.

१० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिन, तुकड्याच्या दहापट, आणि तुकडा तासाभराच्या आत त्यात. टीबीचा संशय असेल तर एक तुकडा निर्जंतुक सलाईनमध्ये वेगळा. फॉर्मलिनमध्ये टाकलेल्या तुकड्याचं कल्चर होत नाही. हे आधी ठरवलं नाही तर रुग्णाला पुन्हा भूल द्यावी लागते.

फॉर्मवर एवढं तरी हवं: वय, गाठीची जागा आणि आकार, अस्तर शाबूत की नाही, आधीची शस्त्रक्रिया वा बीसीजी (तारखेसह), पाळीचा संबंध, रक्तदाब आणि मेटानेफ्रिन्सचा आकडा, एमआरआयचा निष्कर्ष.

पॅथॉलॉजीतले सापळे

सर्वांत मोठा सापळा गाटा-३चा. हा मार्कर, म्हणजे पेशींची जात ओळखायला लावतात तो रंग, युरोथेलियल पेशींत पॉझिटिव्ह येतो, पण पॅरागँग्लिओमातही येतो. घरट्यांसारखे पुंजके, स्नायूत शिरलेले, गाटा-३ पॉझिटिव्ह, असं पाहून ‘स्नायूत पसरलेला युरोथेलियल कर्करोग’ असं लिहिलं जातं आणि मूत्राशय काढण्याचा सल्ला जातो. गाटा-३ एकटा लावू नका. केराटिन, क्रोमोग्रॅनिन, सायनॅप्टोफायसिन आणि एस-१०० सोबत लावा. पॅरागँग्लिओमात केराटिन निगेटिव्ह, क्रोमोग्रॅनिन आणि सायनॅप्टोफायसिन पॉझिटिव्ह, आणि पुंजक्यांच्या कडेच्या आधारपेशी एस-१००ने रंगतात.

दुसरा सापळा नेफ्रोजेनिक अ‍ॅडिनोमाचा. पुरुषात मानेजवळ बारीक नळ्या आणि एएमएसीआर हा मार्कर पॉझिटिव्ह दिसला की प्रोस्टेटचा कर्करोग वाटतो. पॅक्स-८ पॉझिटिव्ह आणि पीएसए निगेटिव्ह आलं की कोडं सुटतं. मात्र क्लिअर सेल अ‍ॅडिनोकार्सिनोमातही पॅक्स-८ पॉझिटिव्ह असतो. तिथे केंद्रकांची विकृती, मायटोसिस (पेशीविभाजन), नेक्रोसिस (मेलेला भाग) आणि वाढलेला केआय-६७ (पेशींच्या वाढीचा मार्कर) बघूनच वेगळं करावं लागतं.

तिसरा, लांबट पेशींच्या गाठींचा. इन्फ्लेमेटरी मायोफायब्रोब्लास्टिक ट्यूमर स्नायूत शिरतो आणि केराटिनही घेतो, त्यामुळे सार्कोमॅटॉइड कर्करोग समजला जातो. एएलके हा मार्कर लावा, निम्म्याहून अधिक गाठींत पॉझिटिव्ह येतो, पण निगेटिव्ह आल्याने ही गाठ बाद होत नाही. लायोमायोमात डेस्मिन आणि स्मूथ मसल अ‍ॅक्टिन पॉझिटिव्ह, एएलके निगेटिव्ह. लहान तुकड्यावर ‘लायोमायोमा’ लिहिताना सावध राहा: लायोमायोसार्कोमाची ओळख बऱ्याचदा आक्रमक काठावरून होते आणि तो काठ चिमट्यात आलेलाच नसतो.

फॉन ब्रून पुंजके (अस्तराच्या पेशींचे सौम्य पुंजके) आणि नेस्टेड प्रकारचा युरोथेलियल कर्करोग वरवरच्या तुकड्यात सारखेच दिसतात. पुंजके खाली किती खोल गेलेत यावर निकाल अवलंबून, म्हणून बूड मागा.

बाकीच्यांना योग्य रंग लावला की उत्तर मिळतं. मॅलॅकोप्लाकियात १९०२ साली वर्णिलेले मायकेलिस-गुटमान कण पीएएस (PAS), फॉन कोसा आणि लोहाच्या रंगाने उठून दिसतात. अमायलॉइडला काँगो रेड आणि ध्रुवित प्रकाशात सफरचंदी हिरवा; विचारलं नाही तर ते ‘फायब्रोसिस’ म्हणून जातं. अमायलॉइड सापडलं तर सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस आणि फ्री लाइट चेन करा. एंडोमेट्रिओसिसमध्ये ग्रंथींभोवतीचा स्ट्रोमा (आधार-ऊती) सीडी-१०ने आणि ग्रंथी-स्ट्रोमा दोन्ही इस्ट्रोजेन रिसेप्टरने रंगतात.

जुळत नसेल तर

एमआरआयवर ४ सेंमीची घन गाठ आणि रिपोर्ट ‘क्रॉनिक सिस्टायटिस’ असेल तर तुकडा चुकलाय, पुन्हा घ्या. तुकड्यात गाठ आहे पण रेडिओलॉजीशी पटत नाही, तर स्लाइड आणि ब्लॉक दोन्ही युरोपॅथॉलॉजी करणाऱ्या केंद्राकडे पाठवा. मूत्राशय काढण्याआधी तर दुसरं मत घ्याच.

निदान पक्कं झाल्यावर पाठपुरावा गाठीनुसार बदलतो. पूर्ण काढलेला लायोमायोमा आणि इनव्हर्टेड पॅपिलोमा क्वचितच परततात. नेफ्रोजेनिक अ‍ॅडिनोमा अनेकदा परत येतो, म्हणून ठरावीक अंतराने सिस्टोस्कोपी करावी, आणि अस्तराला सतत इजा करणारं कॅथेटर किंवा खडा हे मूळ कारण दूर करावं. मॅलॅकोप्लाकियात पेशींत शिरणारं अँटिबायोटिक, म्हणजे फ्लुरोक्विनोलोन किंवा कोट्रायमॉक्सझोल, लांब मुदतीने द्यावं लागतं. पॅरागँग्लिओमाला २०१७ पासून जागतिक वर्गीकरणात ‘सौम्य’ म्हटलं जात नाही, कारण कोणता पुढे पसरेल हे स्लाइडवरून खात्रीने कळत नाही. त्या रुग्णाचे मेटानेफ्रिन्स दरवर्षी, आयुष्यभर तपासायचे. गाठीवर एसडीएचबी या प्रथिनाचा रंग लावायचा, तो हरवलेला असो वा नसो जनुकीय चाचणीचा सल्ला द्यायचा, आणि दोष सापडला तर भावंडांना आणि मुलांनाही तपासणीला बोलवायचं.